केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम नवीनच हातात आलंय? कायदा, गेटची सुरक्षा आणि फायर ब्रिगेड, कुठून सुरुवात करायची ते बघा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण, जालना, कृष्णूर, लातूर, मराठवाड्यातल्या कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा, ड्रम आणि टँकर दिसणारच. त्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या धरा, बर्फाचे कारखाने धरा, दुधाची चिलिंग सेंटरं धरा आणि शहराचं पाणी शुद्ध करायला ठेवलेले क्लोरीनचे टोनर, म्हणजे मोठी सिलिंडरं, धरा, म्हणजे लक्षात येईल की हा विषय फक्त मोठ्या कंपन्यांचा नाही. अशा ठिकाणी ज्यांच्या गळ्यात सेफ्टीचं काम नवीनच पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, मग तुम्ही सेफ्टी ऑफिसर असा, शिफ्ट सुपरवायझर असा नाहीतर दहा-पंधरा माणसांच्या युनिटचे मालक असा. बरेच नवीन पोरं विचारायलेत की नियम इतके, ऑफिसं इतकी, आधी काय करायचं.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १७ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या छोट्या गावात खताच्या गोदामाला आग लागली. गावातलेच स्वयंसेवक फायरमन धावत गेले. साधारण वीस मिनिटांत आतल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि १५ माणसं गेली, त्यातली १२ आग विझवायला आणि मदतीला गेलेली होती. साठ्याचा कागद एका सरकारी खात्यात होता, सुरक्षा बघणाऱ्या दुसऱ्या खात्याला कंपनीनं कळवलंच नव्हतं, आणि पाइप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे खत असं फुटू शकतं याची नीट कल्पना नव्हती. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या फाइलीत जे लिहिलंय ते पहिल्या गाडीतून उतरणाऱ्या फायरमनला आधीच माहीत पाहिजे. नियम त्याच्यासाठीच आहेत असं समजून वाचले तर लवकर समजतात.

पायरी १: माल स्वतः जाऊन मोजा

स्टोअरचा स्टॉक रिपोर्ट घेऊन गप्प बसू नका. आधी तो रिपोर्ट हातात घेऊन सगळा प्लांट पायी फिरा. रिपोर्टमध्ये कच्चा माल असतो, पण वापरून झालेलं सॉल्व्हंट, ईटीपीजवळचे (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेजवळचे) ॲसिडचे कॅन, डीजीचं (जनरेटरचं) डिझेल, लॅबमधल्या बाटल्या, मेंटेनन्सवाल्यांनी कोपऱ्यात ठेवलेलं थिनर, हॅझार्डस वेस्टचे ड्रम, हे त्यात बहुतेक वेळा नसतं. आणि गेटबाहेर रिकामा व्हायची वाट बघत उभा असलेला टँकर तर कोणीच मोजत नाही. तो पेटला तर तुमचाच आहे.

प्रत्येक मालासमोर चार गोष्टी लिहा: नाव, एका वेळी जास्तीत जास्त किती असतो, कुठं असतो, आणि यूएन नंबर. यूएन नंबर म्हणजे जगभर चालणारा चार आकडी नंबर, टँकरच्या मागच्या पाटीवर असतो तोच. क्लोरीन १०१७, अमोनिया १००५, एलपीजी १०७५, मिथेनॉल १२३०, इथेनॉल ११७०, टोल्युइन १२९४, सल्फ्युरिक ॲसिड १८३०. फोनवर "तो पांढरा ड्रम" म्हणण्यापेक्षा हा नंबर सांगितला की समोरच्याला लगेच कळतं.

सगळ्या मालाची एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, गोळा करा. १६ भाग असतात, तुम्हाला पाठ लागतील ते चौथा प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सहावा गळतीचा, दहावा म्हणजे कशाशी रिॲक्शन होते तो, आणि चौदावा वाहतुकीचा. हे पाच भाग मराठीत एका पानावर उतरवून घ्या, आणि परप्रांतीय कामगार जास्त असतील तर हिंदीत पण करा. सप्लायरनं दिलेली चाळीस पानी इंग्रजी पीडीएफ रात्रीच्या शिफ्टला कोणी उघडणार नाही.

कोणता माल कोणाशेजारी ठेवलाय तेही ह्याच फेरीत बघा. ॲसिड आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) शेजारी असतील तर आजच वेगळे करा, ते मिसळले की क्लोरीन सुटतो.

पायरी २: कुठला कायदा आपल्याला लागतो

इथं लोक घाबरतात, पण यादी हातात असली की काम निम्मं होतं. भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आला आणि त्याखाली दोन नियम झाले जे तुम्हाला कायम लागतील. पहिले, धोकादायक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे १९८९ चे नियम, सगळे त्याला एमएसआयएचसी म्हणतात. दुसरे, रासायनिक अपघातांचे १९९६ चे नियम, ज्यात जिल्ह्याच्या आणि स्थानिक क्रायसिस ग्रुपची, म्हणजे आपत्कालीन समितीची, रचना आहे.

एमएसआयएचसीच्या परिशिष्टात रसायनांची नावं आणि त्यांच्यासमोर दोन आकडे आहेत. क्लोरीनला १० टन आणि २५ टन, अमोनियाला ६० टन आणि ६०० टन. पहिला आकडा ओलांडला की जागेची माहिती शासनाला कळवणं, ऑन-साइट प्लॅन (कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा), आसपासच्या लोकांना माहिती देणं हे सुरू होतं. दुसरा ओलांडला की वर सेफ्टी रिपोर्ट आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून ऑडिट. पहिला आकडा ओलांडलेल्या कंपन्यांना बोलीभाषेत एमएएच (मेजर ॲक्सिडेंट हॅझार्ड) युनिट म्हणतात. तुमचा माल पहिल्या आकड्याच्या खाली असला तरी तो धोकादायक यादीत बसत असेल तर धोके ओळखणं, अपघात टाळायची व्यवस्था करणं, कामगारांना माहिती आणि ट्रेनिंग देणं, एसडीएस आणि लेबल ठेवणं हे सुटत नाही. आपल्या भागातली बहुतेक छोटी युनिटं ह्याच गटात येतात आणि त्यांनाच वाटतं की आपल्याला काही लागत नाही.

कोणतं ऑफिस काय बघतं ते थोडक्यात. कारखान्यातली सुरक्षा आणि ऑन-साइट प्लॅन डिश, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, जुने लोक अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात. प्रदूषण आणि हॅझार्डस वेस्ट एमपीसीबी, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. पेट्रोलियम, गॅस सिलिंडर, प्रेशरखालच्या टाक्या, स्फोटकं हे पेसो, म्हणजे केंद्र सरकारचं पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा खातं, त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. इमारतीतली आगीची यंत्रणा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ खाली, त्यात लायसन्सधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, फॉर्म बी द्यावा लागतो की यंत्रणा चालू आहे. आणि बाहेरच्या लोकांना इजा झाली तर भरपाईसाठी पब्लिक लायबिलिटी विमा, १९९१ चा कायदा.

एक बदल लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड लागू झालेत, त्यामुळं फॅक्टरी ॲक्ट १९४८ ची जागा ओएसएच (कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य) कोडनं घेतली आहे. पण एमएसआयएचसी पर्यावरण कायद्याखाली असल्यामुळं ते आहे तसंच चालू आहे. जुन्या फाइलीतली कलमं डोळे झाकून कॉपी करू नका, डिशच्या ऑफिसात जाऊन आत्ता कुठला फॉर्म चालतो ते विचारून घ्या.

पायरी ३: गेट, कुलूप आणि कोणाला काय सांगायचं

सेफ्टी आणि सिक्युरिटी हे आपल्याकडं दोन वेगळ्या टेबलांवर बसतात, आणि मला ते मुळातच चुकीचं वाटतं. अमेरिकेनं २००७ पासून केमिकल कारखान्यांच्या सिक्युरिटीसाठी सीफॅट्स नावाचे वेगळे नियम चालवले होते, त्यांची मुदत २८ जुलै २०२३ ला संपली आणि ती वाढवली गेली नाही. पण त्यातली विचार करायची पद्धत चांगली होती. प्रत्येक मालाला तीन प्रश्न विचारायचे. हा इथंच सोडला किंवा पेटवला तर बाहेरची माणसं मरतील का? हा चोरून किंवा खोट्या नावानं नेऊन कोणी वाईट कामाला वापरेल का? ह्यात काहीतरी मिसळून किंवा छेडछाड करून घात करता येईल का? आपल्याकडं असा एकच कायदा नाही, ते वेगवेगळ्या नियमांत विखुरलेलं आहे. पण हे तीन प्रश्न तुम्ही आजच तुमच्या यादीला लावू शकता.

चोरीच्या प्रश्नाला आपल्या भागात हलकं घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये डीआरआयनं (केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्यानं) छत्रपती संभाजीनगर आणि पैठण भागात धाडी टाकून मेफेड्रोन, केटामाइन, कोकेन अशा अमली पदार्थांचा मोठा साठा पकडला होता. असला माल बनवायला लागणारी काही रसायनं साध्या फार्मा युनिटमध्ये रोज वापरली जातात. ॲसेटिक अनहायड्राइड असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या २०१३ च्या ऑर्डरप्रमाणं नार्कोटिक्स ब्यूरोकडं नोंदणी आणि हिशोब लागतो. थायोनिल क्लोराइडसारखी काही रसायनं रासायनिक शस्त्र बंदी कराराच्या २००० च्या कायद्याखाली येतात. ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेला माल २०१२ च्या नियमांखाली लायसन्सशिवाय ठेवता येत नाही, आणि चोरी किंवा तूट झाली तर पोलिसांना आणि पेसोला कळवावं लागतं. खडी क्रशर आणि विहिरीच्या ब्लास्टिंगशी संबंध असेल तर हे नीट वाचा. बैरूतला २७५० टन अमोनियम नायट्रेट बंदराच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून होतं, ४ ऑगस्ट २०२० ला ते फुटलं, आणि आग विझवायला गेलेली फायर ब्रिगेडची दहा जणांची तुकडी त्यात गेली.

गेटवर करायच्या गोष्टी साध्या आहेत. महत्त्वाच्या मालाचा साठा महिन्याला नाही, आठवड्याला जुळवा, आणि तो जुळवणारा माणूस स्टोअरचा नसावा. ज्याच्याकडं किल्ली त्याच्याकडंच रजिस्टर असं ठेवू नका. नवीन गिऱ्हाईक रोखीत मागायला लागला, जीएसटी नंबर द्यायला टाळाटाळ करायला लागला, कशासाठी पाहिजे ते धड सांगता येईना, तर माल देऊ नका, आणि त्याचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. रिकामे ड्रम भंगारवाल्याला देताना धुतलेत का, लेबल खोडलंय का ते बघा, कारण त्याच ड्रममध्ये उन्हाळ्यात लोक पिण्याचं पाणी साठवायलेत, हे प्रत्येकानं आपल्या गल्लीत बघितलंय. कॉन्ट्रॅक्टची माणसं आत किती गेली आणि बाहेर किती आली हा आकडा गेटवर कुठल्याही क्षणी मिळाला पाहिजे.

आणि सिक्युरिटीच्या नावाखाली बाहेर पडायचा दरवाजा कधीच बाहेरून लावू नका, कोणाला आत झोपू देऊ नका. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. चोरी झाली तर माल जातो, माल परत येतो.

आता अवघड प्रश्न, गुप्तता किती ठेवायची. माझं मत स्पष्ट आहे. बाहेरच्या बोर्डावर, वेबसाइटवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठला माल किती आणि कोणत्या शेडमध्ये हे टाकू नका. प्लांटच्या आतले व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवायला बंदी घाला. पण फायर स्टेशन, डिश, पोलीस ठाणे आणि ज्या हॉस्पिटलला तुमची माणसं जाणार त्यांना सगळं सांगा, काहीही लपवू नका. कोणाला कोणती प्रत दिली, कधी दिली, कोणी घेतली याची सही घेऊन नोंद ठेवा. शेजारच्या गावाला किती टन ते कळायची गरज नाही, पण काय सुटू शकतं, त्याचा वास कसा, भोंगा वाजला तर काय करायचं हे कळलंच पाहिजे, आणि एमएएच युनिटला तर १९८९ च्या नियमांनीच ते बंधनकारक आहे.

पायरी ४: फायर स्टेशनला स्वतः जा

बाकीच्या पायऱ्या कागदावर होतात, ही माणसांमध्ये होते, म्हणून जास्त वेळ हिला द्या. वाळूजला एमआयडीसीचं फायर स्टेशन आहे, दुसरीकडं नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं असेल, काही तालुक्यांत पहिली गाडी जवळच्या साखर कारखान्याची येते. तुमच्याकडं पहिली, दुसरी आणि तिसरी गाडी कुठून येणार आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळात येणार हे आधी विचारून घ्या. कंपनीच्या लेटरहेडवर साधं पत्र लिहा की आमच्या प्लांटची ओळख करून घ्यायला या, दोन्ही शिफ्टच्या माणसांना आणा. साहेब एकटे येऊन चहा घेऊन गेले तर उपयोग नाही, पाइप धरणारा आणि गाडी चालवणारा हे दोघं आले पाहिजेत. त्यांना फोन करून करून बोलवा, बंदोबस्तात असतील तर पुढची तारीख घ्या, पण सोडू नका.

ते आले की हे दाखवा. गेटची रुंदी आणि वरच्या तारा, कमान किंवा पाइप रॅक, कारण गाडी उंच असते. आत गाडी वळते का, आणि वळत नसेल तर रिव्हर्स कुठून घ्यायची. हायड्रंटची तोंडं ६३ मिलिमीटरची आहेत का, त्यांचा पाइप जोडून पाणी सोडून बघा, तिथल्या तिथं. विजेचा मेन कुठं बंद होतो, सॉल्व्हंटचा मेन वॉल्व्ह कुठं आहे, नाल्याचं गेट कुठं आहे. टाकी किती लिटरची, पंप डिझेलचा आहे का, कारण आगीच्या वेळी लाइट जाणार हे धरूनच चाला.

पाण्याचं मला तळमळीनं सांगायचंय. आपला मराठवाडा, उन्हाळ्यात टँकरवर चालणारा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी कंपनीत पहिला हात फायरच्या टाकीलाच जातो, कूलिंगला घ्या, बागेला घ्या, टॉयलेटला घ्या, आणि मे महिन्यात, जेव्हा ऊन ४२-४३ डिग्रीला जातं आणि आगीचा धोका सगळ्यात जास्त असतो, तेव्हाच टाकीत निम्मं पाणी असतं. दुसऱ्या वापराची लाइन काढायचीच असेल तर फायरच्या पातळीच्या वरून काढा, म्हणजे खालचं पाणी कोणाला घेताच येणार नाही. जवळ कोणाची विहीर, शेततळं, शेजारच्या कंपनीची टाकी आहे ते फायरवाल्यांच्या नकाशावर लिहून द्या.

पाणी कुठं मारायचं नाही हे त्याहून महत्त्वाचं. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत पाणी गेलं की उकळून उडतं. थायोनिल क्लोराइड पाण्याशी रिॲक्शन करून विषारी वायू सोडतं. क्लोरीनच्या गळणाऱ्या टोनरवर पाणी मारलं तर गळती वाढते, कारण ओला क्लोरीन धातू खातो. तिथं गळती बंद करायचं कॅपिंग किट लागतं, आणि जमलं तर गळती वरच्या बाजूला येईल असा टोनर फिरवायचा, म्हणजे पातळ क्लोरीनऐवजी वायू बाहेर पडतो, तो तुलनेनं कमी असतो. अमोनियाच्या ढगावर पाण्याचा फवारा चालतो, पण खाली साचलेल्या पातळ अमोनियात पाणी ओतलं तर आणखी वायू उठतो. इथेनॉल, मिथेनॉल, ॲसिटोनवर साधा फोम टिकत नाही, अल्कोहोलवर चालणारा वेगळा फोम लागतो. डिस्टिलरी असलेल्या साखर कारखान्यांनी हा फोम स्वतःकडं साठवून ठेवला पाहिजे, तालुक्याच्या गाडीत तो असेलच असं धरू नका. आणि मिथेनॉलची ज्वाळा भर दुपारच्या उन्हात जवळपास दिसतच नाही, हे नवीन फायरमनला मुद्दाम सांगा.

मग गेटवर एक लाल पेटी लावा. त्यात प्लांटचा नकाशा, मालाची यादी, मराठीतली पानं, फोन नंबर, महत्त्वाच्या किल्ल्या. पेटीची किल्ली वॉचमनकडं, मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये नाही. यादीवर तारीख टाका आणि दर महिन्याला बदला. जुनी यादी असण्यापेक्षा नसलेली बरी, कारण फायरवाला तिच्यावर विश्वास ठेवून आत जाणार आहे.

हॉस्पिटलला विसरू नका. संभाजीनगरचं घाटी असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तुमच्याकडचं कुठलं रसायन अंगावर पडलं तर काय लागतं ते आधी लिहून द्या. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल प्लांटमध्येच पाहिजे, रस्त्यातला वेळ त्यात परवडत नाही. आणि पेशंटचे कपडे काढून अंग भरपूर पाण्यानं धुवून मगच ॲम्ब्युलन्समध्ये घाला, नाहीतर १०८ वाला आणि कॅज्युअल्टीची सिस्टर दोघं पण आजारी पडतील.

पोलिसांचं काम गर्दीचं आहे. आपल्याकडं आग लागली की वाळूजशेजारच्या रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर ह्या गावांकडून मोटारसायकलींची रीघ लागते, सगळे मोबाइल वर करून उभे. रस्ता कुठल्या चौकात बंद करायचा हे पोलीस ठाण्याशी आधीच ठरवा. गावात सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे हेडमास्तर, मंदिर-मशिदीचे भोंगे चालवणारे, ह्यांचे नंबर तुमच्याकडं आणि तुमचा त्यांच्याकडं पाहिजे. त्यांना एकदा बसवून सांगा की वायू सुटला तर वाऱ्याला आडवं पळायचं, वाऱ्याच्या दिशेनं नाही, आणि पळता येत नसेल तर खिडक्या-दारं बंद करून ओलं कापड नाकाला लावून आत थांबायचं. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात आणि नाल्यात साचतो. हिवाळ्यातल्या थंड, वारा नसलेल्या पहाटे कुठलाही वायू वर न जाता जमिनीलगत बसून राहतो.

पायरी ५: पहिली पाच मिनिटं आधीच ठरवा

ऑन-साइट प्लॅन जाड असतो, तो असू द्या, पण त्यातलं पहिलं पान असं करा की रात्री तीन वाजता शिफ्टमधल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाला पण कळलं पाहिजे. भोंगा कोण वाजवणार, फोन कोण करणार, वॉल्व्ह कोण बंद करणार, गेटवर गाडीला वाट दाखवायला कोण उभं राहणार. नावं लिहू नका, पदं लिहा, कारण माणूस रजेवर असतो. फोन करायला मॅनेजरची परवानगी लागता कामा नये, ही गोष्ट मालकाकडून लेखी घ्या. आधी आपण विझवून बघू मग कळवू, ह्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

एकत्र जमायच्या जागा दोन ठेवा, विरुद्ध दिशेला. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडून असतो, एकच जागा ठेवली तर वर्षातले काही महिने ती धुराखालीच येणार. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फाटला असेल तर आजच बदला.

फोनवर काय बोलायचं तेही लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. असं काहीतरी: "अमुक कंपनीच्या गेटवरून बोलतोय, प्लॉट नंबर अमुक, अमुक चौकाच्या पुढं. टोल्युइनच्या ड्रम यार्डला आग आहे, यूएन नंबर १२९४, अंदाजे चाळीस ड्रम. दोघं भाजलेत, आत कोणी अडकलेलं नाही. वारा पश्चिमेकडून आहे, म्हणून मेन गेटनं न येता पश्चिमेच्या दोन नंबर गेटनं या, आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा आहे." आग १०१, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस आणि बाकी सगळ्याला ११२, जिल्ह्याचा आपत्ती कंट्रोल रूम १०७७. पण स्थानिक फायर स्टेशनचा सरळ नंबर पण त्याच कागदावर पाहिजे.

गाडी आली की फायरच्या अधिकाऱ्याला प्लांट ओळखणारा एक माणूस द्या आणि तो शेवटपर्यंत त्यांच्याजवळून हलू नये. आग विझवायचे निर्णय आता त्यांचे, प्रोसेसची माहिती तुमची. त्यांचा पहिला प्रश्न आत कोणी आहे का हाच असणार, त्याला "बहुतेक नाही" असं उत्तर देऊ नका, हजेरी मोजून आकडा द्या. त्या बहुतेकच्या भरवशावर कोणीतरी जीव धोक्यात घालून आत जातो.

पायरी ६: मॉक ड्रिल खरं करा

एमएएच युनिटला ऑन-साइट प्लॅनचं मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी करावंच लागतं, बाहेरच्या भागासाठीचं ऑफ-साइट ड्रिल जिल्हा प्रशासन वर्षातून एकदा घेतं. तुम्ही एमएएच नसलात तरी करा. फक्त दुपारी बारा वाजता फोटोग्राफर बोलवून करू नका. एकदा रात्रीच्या शिफ्टला करा, एकदा लाइट बंद करून, एकदा मुद्दाम मेन गेट अडवून. फायरवाल्यांना बोलवा आणि भोंग्यापासून पहिलं पाणी पडेपर्यंतचा वेळ लिहा. रिपोर्टमध्ये जे चुकलं ते खरं लिहा, पाइप फुटला असेल तर फुटला लिहा, आणि पुढच्या ड्रिलच्या आधी ते दुरुस्त झालं का ते तपासा.

१९९६ च्या नियमांप्रमाणं जिल्ह्याचा क्रायसिस ग्रुप कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली दर ४५ दिवसांनी आणि स्थानिक ग्रुप दर महिन्याला भेटायचा असतो. तुमच्या भागात तो आहे का, कधी भेटतो, ते डिशला विचारा आणि जाऊन बसा. छोट्या युनिटवाल्यांनी मसिआ, सीएमआयए ह्या उद्योजकांच्या संघटना किंवा आपल्या एमआयडीसीच्या असोसिएशनमधून शेजाऱ्यांशी मदतीचा करार करावा. एकाकडं फोम, दुसऱ्याकडं श्वास घ्यायचे सिलिंडर सेट, तिसऱ्याकडं मोठी टाकी, असं वाटून घेतलं तर खर्च पण परवडतो. महाराष्ट्रात अशा गटांना मार्ग (म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप) म्हणतात.

पायरी ७: विझल्यानंतरचं काम

आग विझवलेलं पाणी तुमच्याच मालानं विषारी झालेलं असतं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळच्या केमिकल गोदामाची आग विझवताना ते पाणी ऱ्हाइन नदीत गेलं आणि खालच्या बाजूला मैलोन् मैल मासे मेले. आपल्याकडं वाळूजचा नाला खाम नदीकडं, खाम पुढं गोदावरीकडं नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या बाजूला जाते, आणि संभाजीनगर पाणी पितं ते जायकवाडीचं. म्हणून पावसाच्या पाण्याच्या नाल्याला गेट पाहिजे, आणि भोंगा वाजला की ते बंद करायचं काम कोणाचं हे पहिल्या पानावर पाहिजे. वाळूच्या गोण्या तिथंच ठेवा. साचलेलं पाणी एमपीसीबीला कळवून, तपासूनच काढा.

मोठा अपघात झाला तर ४८ तासांत संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं आणि ठरलेल्या नमुन्यात रिपोर्ट द्यावा लागतो, माहिती पुरी नसेल तर टप्प्याटप्प्यानं दिली तरी चालते. ४८ तास हे कागदासाठी आहेत, फोन त्याच मिनिटाला. अपघाताची जागा तपास होईपर्यंत धुऊ नका, वॉल्व्ह ज्या स्थितीत सापडला त्याचा फोटो घ्या, गेटचं रजिस्टर आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काढून बाजूला ठेवा, कारण चोरी किंवा घातपात होता का हे नंतर त्यावरूनच कळतं. फायरवाल्यांपैकी कोणाला धुराचा त्रास झाला असेल तर त्यांच्या स्टेशनला कोणत्या रसायनाचा संपर्क आला ते लेखी कळवा, काही वायूंचा परिणाम फुफ्फुसावर काही तासांनी दिसतो. आठवड्याभरात त्यांच्यासोबत बसून विचारा की आमच्या यादीत, नकाशात, गेटवर तुम्हाला काय कमी पडलं, आणि ते सांगतील ते त्याच दिवशी लाल पेटीतल्या कागदात दुरुस्त करा.